रहाटाच्या तुळईतला खिळा

तोहामी सुतार आयुष्यभर रहाट बांधत आला आणि गावाने मात्र त्याला खिळेवाला म्हणून लक्षात ठेवलं. गाव असंच असतं. आमच्या कफर शलबी गावापासून कालव्याच्या काठाने इस्मायलियाच्या वाटेपर्यंत जेवढे रहाट कुरकुरत फिरायचे, त्यातले निम्मे त्याच्या हातचे होते. माणूस बुटका, तोंडाने फटकळ आणि कामात कमालीचा चेंगट. रहाट सांगितला की हा बाभळीचा ओंडका ठोकून ठोकून ऐकत बसायचा, आणि तोवर सांगणाऱ्याचं पीक माना टाकायचं. पण त्याच्या हातचा रहाट एकदा पाण्यावर बसला की बापानंतर मुलगा त्याच्यावर शेत भिजवायचा.

त्याची बायको गमालात. तिच्या तोंडी सगळ्यांना एकच शब्द, ‘मेल्या’. नवरा मेल्या, कोंबडा मेल्या, गावचा मुखिया त्याच्या माघारी मेल्या. त्यात राग नसायचा. ज्याला ती मेल्या म्हणायची नाही तो तिच्या लेखी परका. दोघांना मूलबाळ नव्हतं. झालेली सगळी पाळण्यातच गेली. त्याबद्दल दोघं कधी बोलत नसत.

आता खिळ्यांचं सांगतो. आमच्याकडे कुणी अवचित मेलं आणि रक्त सांडलं, की त्या रक्तातून त्याचा इफ्रीत उठतो. हे भूत कुणाला धरत नाही, कुणाच्या अंगात येत नाही. मरताना त्या माणसाच्या तोंडून जे निघालं तेवढंच ते पुन्हा पुन्हा ओरडत राहतं. ऐकणाऱ्याचं डोकं फिरायला तेवढं पुरतं. त्याला उठू द्यायचं नसेल तर रक्त सांडलं त्या जागी खिळा ठोकायचा, आणि खिळा कोरा हवा, कशातही कधी न ठोकलेला. शहरातले शिकलेले लोक याला हसतात. हसू देत. त्यांच्या अंगणात कुणी आभाळातून पडलेलं नाही.

आभाळातून पडणारे आले ते युद्धाच्या मध्यावर. तोवर युद्ध म्हणजे आम्हाला रॉकेल न मिळणं आणि साखर न मिळणं. मग एका हिवाळ्यात एडनकडून सामानाच्या लॉऱ्या आल्या, गावाच्या पश्चिमेला वाळूवर तंबू उभे राहिले, आणि लढाऊ वैमानिक तयार करणारी इंग्रजांची एक तुकडी तिथे येऊन बसली. तिला लांबलचक नाव होतं, नावापुढे आकडा होता. गाव तिला नुसतं ‘शाळा’ म्हणायचं. तिथली पोरं विमान उडवायला आधीच शिकून आलेली असायची, कुणी ऱ्होडेशियाहून, कुणी ऑस्ट्रेलियाहून, कुणी पोलंडचा, कुणी ग्रीक. इथे त्यांना पुढचं शिकवायचे. दुसऱ्याच्या शेपटीला कसं लागायचं, सूर्याच्या आड कसं लपायचं, पुढच्या विमानाने दोरीने ओढत नेलेल्या कापडी पिशवीवर गोळ्या कशा झाडायच्या. काही आठवड्यांनी एक वर्ग लढाईवर निघून जायचा आणि नवा यायचा. विमानं मात्र तीच, लढाईवरून दमून परत आलेली हरिकेन. वाळू खाऊन खाऊन त्यांची इंजिनं खोकायची. नवशिकी पोरं आणि म्हातारी विमानं, मग व्हायचं ते व्हायचंच.

पहिला पडला तो बरसीमच्या शेतात. आग विझल्यावर शाळेची गाडी आली आणि उरलंसुरलं घेऊन गेली. दुसऱ्या दिवसापासून त्या शेतात भर दुपारी कुणीतरी ओरडायला लागलं. माणूस दिसत नव्हता, बरसीम हलत नव्हतं. एकच शब्द, इंग्रजी, पुन्हा पुन्हा. गवत कापायला गेलेल्या बायका विळे टाकून पळाल्या. मुरसी नावाचा एकजण शाळेत हमाली करायचा, त्याला थोडं इंग्रजी यायचं. त्याला धरून नेलं. बांधावर उभं राहून त्याने ऐकलं आणि खाली बसला.

“काय म्हणतोय?” मुखियाने विचारलं.

“आई म्हणतोय.”

त्या शेतात नंतर कुणी पीक घेतलं नाही. आणि मुखियाने ठरवलं की पुढचा पडला की रक्त सुकायच्या आत खिळा ठोकायचा. गावात कोरे खिळे फक्त तोहामीकडे होते, म्हणून काम त्याच्या गळ्यात पडलं. विमान घरघरत खाली येताना दिसलं की हातातला रंधा ठेवून तो हातोडी घेऊन निघायचा. शाळेची गाडी जाईपर्यंत लांब उभा राहायचा. मग जळक्या मातीत रक्त शोधायचा, खिळा ठोकायचा, आणि घरी येऊन हात धुवायचा.

एकदा यात घोटाळा झाला. पडलेलं विमान उचलायला आलेल्या लॉरीच्या चाकात त्याचाच खिळा घुसला. लष्करी पोलिसांनी त्याचा दंड धरला आणि त्याला शाळेच्या साहेबापुढे उभं केलं. दुभाषा म्हणून मुरसी.

“साहेब विचारतायत, तू रानात खिळे का पेरतोस?”

“त्यांना म्हणावं, तुमची माणसं उगवू नयेत म्हणून.”

मुरसीने ते कसं सांगितलं कोण जाणे. साहेबाने हातातली लेखणी खाली ठेवली. मग त्याने भांडारातून कोऱ्या खिळ्यांचा एक डबा मागवला आणि तोहामीच्या हातात दिला. “साहेब म्हणतात, ठोकत जा,” मुरसी म्हणाला, “फक्त डोकं मातीच्या वर ठेवू नकोस.” त्या दिवसापासून तोहामी त्या साहेबाला चांगला माणूस म्हणायचा, आणि इंग्रजांबद्दल असं म्हणणारा गावात तो एकटाच होता.

स्तामातिस नावाचा पोरगा पडला तो मात्र थेट तोहामीच्याच रहाटावर. दुपारची वेळ होती. म्हैस रहाट ओढत होती, गमालात बाकल्याचे दाणे निवडत होती. विमान खजुरांवरून आलं, एक पंख खजुरात सोडून शेतातून सरपटत रहाटाशी येऊन थांबलं. आतला पोरगा पट्टा तुटून बाहेर फेकला गेला आणि रहाटाच्या आडव्या तुळईवर डोक्याने आपटला. म्हशीला खरचटलंसुद्धा नाही. शाळेची गाडी आली, त्याला कापडी डोलीवर घेतलं, आणि ऊन आणि माश्या लागू नयेत म्हणून त्याच्या तोंडावर ओला कपडा टाकला.

आमच्याकडे तोंडावर कपडा एकदाच टाकतात. गमालातने कपाळ बडवून घेतलं. “मेल्या, कुणाच्या पोटचा रे तू! एवढ्या लांब येऊन माझ्या दारात मेलास!” गाडी गेली. तोहामीने डब्यातला खिळा घेतला आणि तुळईवर जिथे रक्त मुरलं होतं तिथे ठोकला. बाभळीचं जुनं लाकूड, खिळा कण्हत आत गेला.

थोड्याच दिवसांत भर दुपारी म्हैस चालता चालता थांबली. गमालात तिला हाकायला गेली आणि दोन पावलं मागे सरली. तुळईवर तोच पोरगा बसला होता. डोक्याला चामडी टोपी, हात मांडीवर, डोळे मिटलेले. ओरडत नव्हता, हलत नव्हता. सूर्य डोक्यावर होता, रहाटाची सावली रहाटाच्या पायाशी गोळा झालेली. याची सावली मात्र संध्याकाळच्यासारखी लांब, पार कालव्यापर्यंत पसरलेली. सूर्य थोडा कलला तसा तो निघून गेला. उठला नाही, चालला नाही, नुसता तिथे नव्हता. मग म्हैस आपणहून चालायला लागली.

पुढे हे रोजचं झालं. तोहामीला भीतीपेक्षा अपमान जास्त वाटला. आजवर त्याचा एकही खिळा फुकट गेला नव्हता. त्याने चिमट्याने तो हलवून पाहिला, खिळा घट्ट होता. “खिळा बरोबर आहे,” तो बायकोला म्हणाला. “हाच काहीतरी वेगळा आहे. ओरडत का नाही हा?”

“ओरडायला हवाय का तुला, मेल्या?”

“इफ्रीत असून गप्प बसतो. याचा अर्थ काय?”

अर्थ स्वतःच्या पायांनी चालत आला. उन्हाळ्याच्या तोंडावर एका सकाळी काठी टेकत, डोक्याला पट्टी बांधलेला एक लष्करी पोरगा अंगणात शिरला. गमालातच्या हातून परात पडली. पोरगा लांबच उभा राहिला आणि झगाझिगच्या बाजारात बोलतात तसल्या आमच्याच बोलीत म्हणाला, “घाबरू नकोस, खाला. जिवंत आहे मी. निदान बराचसा.”

तो स्तामातिस. झगाझिगच्या ग्रीक वाण्याचा मुलगा, जन्म तिथलाच, ग्रीक हवाई दलातून शाळेत आलेला. तोहामीने आधी त्याच्या दंडाला हात लावून पाहिला. दंड गरम होता.

“उस्ता,” कारागिराला हाक मारतात तसा स्तामातिस म्हणाला, “माझ्या नावाचा खिळा तूच ठोकलास ना?”

“तुला कुणी सांगितलं?”

“इस्पितळात रोज दुपारी मला झोप लागते आणि मी एका रहाटावर बसलेला असतो. उठता येत नाही. कुल्ल्याखाली काहीतरी टोचतं. आणि एक म्हैस माझ्याकडे टक लावून बघत असते. डाव्या शिंगाचं टोक मोडलेली.”

तिघांनी रहाटाकडे पाहिलं. म्हशीच्या डाव्या शिंगाचं टोक मोडलेलं होतं.

“तोंडावर कपडा टाकला होता तुझ्या,” तोहामी चिडून म्हणाला. “मेला नव्हतास तर सांगायचं होतं.”

“पुढच्या वेळी नक्की सांगेन,” म्हणून पोरगा हसला, आणि तोहामीलाही हसू आलं. गमालात हसली नाही. जिवंत माणसाला आपण दारात उभं राहून मेल्या म्हटलं याचा तिने धसका घेतला होता. तिने मनाशी शपथ घेतली की याला तो शब्द पुन्हा म्हणून लावायचा नाही. पुढे तिने ती पाळली, अगदी जीभ चावून पाळली.

स्तामातिस बरा झाला. त्याच्या वर्गातली पोरं पश्चिमेला लढाईवर निघाली, तोही त्यांच्याबरोबर उडाला. कालवा दिसेनासा व्हायच्या आत त्याचं इंजिन बसलं आणि तो परतला. पुढच्या खेपेला तेल गळालं. त्याच्या पुढच्या खेपेला काही बिघडलंच नाही, पण वाळूचं वादळ उठलं आणि जमीन दिसली तेव्हा चाकांखाली शाळेचंच मैदान होतं. बरोबरची पोरं त्याला कबूतर म्हणायला लागली. कुठेही सोडा, संध्याकाळी घरी. शेवटी शाळेने त्याला नव्या पोरांना शिकवायला ठेवून घेतलं.

त्याची दुपार मात्र सुटली नाही. सूर्य डोक्यावर आला की त्याच्यावर झोप कोसळायची. म्हणून तो सकाळी आणि उन्हं कलल्यावरच उडायचा, आणि सुटी असली की दुपारी सरळ रहाटावर येऊन बसायचा. तो स्वतः येऊन बसला की तो दुसरा दिसत नसे. म्हैस थांबत नसे, सावलीही जिथल्या तिथे पडे. गमालात त्याच्यासाठी बाकल्याची उसळ, कांदा आणि गरम भाकर आणून ठेवायची. जेवून तो तुळईला टेकून झोपायचा आणि तोहामी त्याच्याजवळ रंधा न वाजवता काम करायचा. खरं सांगायचं तर तोहामीला त्या पोराचा लळा लागला होता. ज्याला कधीच पोर मिळालं नाही त्याच्या रहाटाला एक पोर येऊन चिकटलं होतं, आणि खिळा त्याच्या स्वतःच्या हातचा होता.

वर्ष उलटलं. एका सकाळी स्तामातिस आला तो बसलाच नाही.

“उस्ता, खिळा काढ.”

“कशाला?”

“माझ्या वर्गातले निम्मे गेले. मी इथे उसळ खातोय.”

“उसळ वाईट असते का?”

“थट्टा नको. परवा एका नवशिक्याला घेऊन दोघांच्या विमानातून गेलो. परतायला उशीर झाला, दुपार झाली. वरच झोपलो मी. ते पोरगं रडत रडत विमान खाली घेऊन आलं. पुढच्या वेळी मी एकटा असलो तर?”

“दुपारी उडू नकोस.”

“युद्ध माझी दुपार टळायची वाट बघणार आहे का?” मग त्याचा आवाज खाली आला. “मी दुपारी अर्धा असतो, उस्ता. राहिलेला अर्धा तुझ्या लाकडात आहे. मला सगळा होऊ दे. मग जगेन नाहीतर मरेन, पण सगळा.”

तोहामी दाढी खाजवत राहिला. “उद्या सकाळी ये,” तो म्हणाला. “खिळा काढताना ज्याचा आहे त्याने जवळ असू नये.” असा काही नियम नव्हता. तो त्याने तिथल्या तिथे बनवला.

त्या दिवशी संध्याकाळी तोहामी चिमटा घेऊन तुळईपाशी गेला. खिळ्याचं डोकं त्याने चिमट्यात धरलंही. घरातून गमालातचा आवाज येत होता. उद्या पोरगा येणार म्हणून ती मुलूखियाच्या भाजीची पानं चिरत होती आणि गुणगुणत होती. तोहामीच्या मनात आलं, काढला की हा जाणार आणि गेलेली परत येत नाहीत. त्याने चिमटा सैल केला. तो खुराड्याकडे गेला, कोंबड्यांच्या दाराच्या बिजागरीतला एक खिळा उपटला, राखेत घासला आणि खिशात टाकला. त्याने मनाशी हिशेब केला की खोटा खिळा घेऊन पोरगा उडेल, इंजिन बसेल, आणि कबूतर संध्याकाळी घरी येईल. यात कुणाचं काय नुकसान?

सकाळी स्तामातिसने तो खिळा घेतला, तळहातावर फिरवला आणि तोहामीच्या खांद्यावर डोकं टेकलं. गमालातने त्याला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. दारातून तो वळला तेव्हा तिच्या ओठावर तिचा शब्द आला होता, तिने तो गिळला. “जपून जा रे,” एवढंच म्हणाली.

पण तोहामीने एक गोष्ट धरलीच नव्हती. स्तामातिस विमानाने गेलाच नाही. ग्रीक तुकडीची लॉरी त्याला न्यायला आली. तिचंही इंजिन कालव्यापाशी बंद पडलं, पण पोरगा खाली उतरला, सगळ्यांना उतरवलं, आणि हसत हसत ढकलायला लागला. आपण सुटलो अशी ज्याची खात्री झालेली असते त्याला अडवणं लाकडाला जमत नाही, लोखंडालाही नाही. लॉरी चालू झाली आणि गेली.

त्या दुपारी म्हैस थांबली. तुळईवर तो बसला होता, डोळे मिटून, लांब सावली टाकून. तोहामीला कारण ठाऊक होतं. पण गमालातला खिळ्याचं काही माहीत नव्हतं, तिला उलट आनंद झाला. “बघ, आपल्याला सोडून राहवत नाही त्याला! कुठे का असेना, झोपलाय. झोपलाय म्हणजे आहे.” तिने ताटली भरून तुळईवर ठेवली. मग रोजच ठेवू लागली. उसळीला कुणी हात लावायचं नाही, फक्त ती पटकन गार व्हायची, भर उन्हातही. तोहामीनेही स्वतःची समजूत घातली. रोज दुपारी तो आधी तुळईकडे बघायचा, आहे ना, आणि मग जेवायचा.

काही आठवड्यांनी म्हैस वेगळंच वागायला लागली. पूर्वी ती तुळईपासून लांब थांबायची, आता दुपारी थेट जवळ जाऊन तुळई चाटायची. गमालातने पाहिलं तर लाकडावर पांढरी पूड बसलेली. तिने बोट लावून चाखलं, मीठ होतं. “पलीकडच्या खाऱ्या सरोवरावरून वारा घेऊन आला असेल,” ती म्हणाली.  तोहामीला आणखी एक गोष्ट दिसली होती. तुळईवर बसलेल्याची सावली आता पडत नव्हती, आणि त्याच्या बुटांतून पाणी ठिबकत होतं. रहाटाशी पाणी असणारच, असं तोहामी स्वतःला सांगत राहिला.

कापूस वेचायच्या दिवसांत एक म्हातारा ग्रीक गाढवावरून आला. काळा कोट, अंगाला ऑलिव्हचा वास. “मी पंतेलिस,” तो म्हणाला, “स्तामातिसचा बाप.” गमालातने चटई घातली, चहा टाकला, आणि पोरगा कसा आहे, बारीक तर झाला नाही ना, असं विचारत सुटली. म्हाताऱ्याने पेला खाली ठेवला.

“तो उन्हाळ्यातच गेला, बाई. क्रीटच्या बाजूला समुद्रावर. बरोबरचे पोरगे घरी येऊन गेले. म्हणाले, गोळी नाही लागली, आग नाही लागली. दुपारी परत येताना त्याचं विमान हळूच खाली झुकत गेलं. त्यांनी खूप हाका मारल्या. बसल्या बसल्या डुलकी लागावी तसं ते पाण्यात गेलं.”



म्हाताऱ्याने कोटाच्या आतल्या खिशातून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. “लढाईवर जाताना एक रात्र घरी थांबला होता. हे आईला दिलं. म्हणाला, हे घरात आहे तोवर मी सुटा आहे, सांभाळ. मीही याच मुलखात जन्मलो, मला रीत माहीत आहे. पण समुद्रात कुठे ठोकणार? त्याची आई म्हणते, ज्या जागी त्याचं रक्त सांडलं होतं तिथे तरी ठोका. आम्हाला येऊन बसायला एक जागा होईल.”

रुमालात खिळा होता. गमालातने तो पाहिला. मग तिने खुराड्याकडे पाहिलं. त्याचं दार कित्येक महिने एका बिजागरीवर लोंबत होतं आणि सुताराच्या घरात ही गत म्हणून तिने नवऱ्याला कितीदा फैलावर घेतलं होतं.  ती पेले उचलून आत गेली.

तोहामीला पळून जावंसं वाटलं. तो पळाला नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. “हा त्याचा खिळा नाही,” तो म्हणाला. “त्याचा अजून लाकडातच आहे. काढून दे म्हणून त्याने तो माझ्याकडे मागितला आणि मी त्याला फसवलं. हा कोंबड्यांच्या दाराचा आहे.”

पंतेलिस त्याच्याकडे बघत राहिला. मारेल, थुंकेल, असं तोहामीला वाटलं. मारलं असतं तर बरं, असंही वाटलं. म्हातारा उठला आणि रहाटाकडे चालू लागला. दुपार होत आली होती. म्हैस आपोआप थांबली आणि मान खाली घालून तुळई चाटू लागली. बापाला कुणी दिसलं का, हे त्याने कधीच कुणाला सांगितलं नाही. त्याने तुळईवरून हात फिरवला, बोट जिभेला लावलं, आणि तसाच उभा राहिला.

“त्याने मागितलं होतं?” त्याने पाठमोरंच विचारलं.

“हो.”

“आपल्या तोंडाने?”

“सगळा होऊ दे म्हणाला. मग जगेन नाहीतर मरेन, पण सगळा.”

“मग काढ.”

“तुम्हाला बसायला जागा हवी होती.”

“काढ म्हणतो ना!” म्हातारा ओरडला आणि त्याला रडू फुटलं.

तोहामीने चिमटा लावला. खिळा लोण्यातून निघावा तसा निघाला. त्याच्यावर गंजाचा ठिपका नव्हता. डब्यातून काढला तसा कोरा, चकचकीत, आणि बर्फासारखा गार. भोकातून पाणी आलं. येतच राहिलं, तुळईवरून ओघळत, त्या दोघांचे पाय भिजवत, एका खिळ्याच्या भोकात मावणार नाही इतकं. मग ते थांबलं. पंतेलिसने खिळा रुमालात गुंडाळला, गाढवावर बसला, आणि मागे न बघता गेला. कोंबड्यांच्या दाराचा खिळा तो तुळईवरच ठेवून गेला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी गमालातने ताटली भरली. कालपासून ती नवऱ्याशी बोलली नव्हती. ताटली घेऊन ती रहाटापाशी आली आणि उभी राहिली. सूर्य डोक्यावर होता. म्हैस थांबली नाही. मोडक्या शिंगाची मान हलवत ती तुळईजवळून गेली, वळसा घालून आली, पुन्हा गेली. रहाट कुरकुरत पाणी ओतत होता आणि रिकाम्या तुळईवरचं मीठ वाऱ्याने उडून जात होतं.

तोहामी लांब खजुराखाली बसला होता. ती आपल्याकडे वळेल आणि शिव्या देईल म्हणून तो वाट बघत होता. ती वळली नाही. तिने ताटली तुळईवर ठेवली, लाकडावरून तळहात फिरवला, आणि इतके दिवस जिभेखाली दाबून ठेवलेला शब्द तिच्या तोंडून बाहेर पडला.

“गेलास होय रे, मेल्या?”